जामखेड : वैद्यकीय त्यागाचा एक अर्थ

वैद्यकव्यवसायातील त्यागाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु वैद्याने नेमके काय सोडले, याची छाननी क्वचितच होते. द्रव्य, शहर आणि स्वास्थ्य यांची यादी झाली की चरित्रकार थांबतो. अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडचा इतिहास या यादीत चौथी बाब घालावयास लावतो.

डॉ. रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) हे याच जिल्ह्यात जन्मलेले शिक्षकपुत्र, डॉ. मेबल आरोळे (१९३५–१९९९) या त्यांच्या वेल्लोरच्या सहाध्यायी. १९६० मध्ये विवाहप्रसंगी उभयतांनी खेड्यांसाठी आयुष्य वेचण्याचा संकल्प केला. वडाळा येथील मिशन रुग्णालयात त्यांस असे आढळून आले की, बरा होऊन गेलेला रोगी त्याच रोगाने पुन्हा दारी येतो. रोगाचे मूळ रुग्णालयाच्या आवाराबाहेर, पाण्यात, अन्नात व रूढीत आहे. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन १९७० मध्ये ते जामखेडला आले. परदेशातील प्राप्तीवर त्यांनी पाणी सोडले, हा त्याग सहज दिसणारा आहे.

खरी कसोटी पुढेच होती. खेड्यांत परिचारिका ठेवण्याचा पहिला प्रयत्न फसला, तेव्हा गावच्या स्त्रियांचीच आरोग्यसेविका म्हणून निवड झाली. त्यांपैकी बहुतेक निरक्षर, कित्येक दलित. गर्भवतीची तपासणी, प्रसूती, अतिसार झालेल्या मुलास मीठ-साखरेचे पाणी देणे, कुष्ठरोगाची ओळख, हे ज्ञान त्यांच्या हाती आले.

'वैद्य' हा शब्द मुळात जाणण्याशी निगडित आहे. जाणणारा तो वैद्य आणि न जाणणारा तो रोगी, अशी वाटणी त्यात गृहीत असते. जामखेडने ती मोडली. ज्ञानाच्या मक्तेदारीचा हा त्याग धनाच्या त्यागाहून कठीण होय. कारण धन सोडणाऱ्याची प्रतिष्ठा वाढते, तर मक्तेदारी सोडणारा स्वतःची अपरिहार्यताच कमी करून घेतो.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ च्या आपल्या ग्रंथात या प्रयोगास स्थान दिले. १९७९ मध्ये उभयतांस मॅगसेसे पुरस्कार लाभला. हा गौरव यथोचितच होता. परंतु जातीचा उंबरठा ओलांडून परक्या घरात बाळंतपण करणाऱ्या सेविकेने काय सोसले, याची नोंद तुलनेने अल्प आहे. म्हणून त्यागाचा इतिहास लिहिताना कोणी काय सोडले एवढेच न विचारता, सोडलेले कोणाच्या हाती गेले, हेही विचारले पाहिजे.