डांग्या खोकला: जबलपूरच्या नोंदीत न सापडणारा आजार

जबलपूरच्या मराठी घरांत ज्याला डांग्या खोकला म्हणतात, त्याला शेजारची हिंदी घरे कुकुर खाँसी किंवा काली खाँसी म्हणतात. कुठल्याही नावाने ओळखला तरी तो लहान मुलांचाच आजार मानला गेला.

जुन्या सरकारी कागदांत त्याचा माग काढणे अवघड आहे. जबलपूर ज्यात होते त्या ब्रिटिशकालीन मध्य प्रांतात गावचा कोतवाल मृत्यूची वर्दी देई आणि ती ताप, देवी, पटकी, श्वसनाचे विकार अशा मोजक्या खान्यांत भरली जाई. खोकून गेलेले मूल ‘ताप’ किंवा ‘श्वसन’ या खान्यात जाऊन पडे. खोकून बरा झालेला मोठा माणूस तर वहीत यायचाच नाही. घरात मात्र अडुळसा, ज्येष्ठमध, तोंडात धरायचा बेहडा हे उपचार चालत. घशाला त्यांनी आराम पडे, जंतूवर परिणाम होत नसे.

डांग्या खोकल्याचा हा जंतू बोर्दे आणि झांगू या शास्त्रज्ञांनी 1906 मध्ये ब्रसेल्सला बटाट्याचा अर्क आणि रक्त घातलेल्या माध्यमावर वाढवला. 1930 च्या दशकात पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या अमेरिकन संशोधिका रोग्याच्या तोंडासमोर तसल्याच माध्यमाची बशी धरून तिच्यावर खोकायला लावत. प्रभावी लस त्यांच्याच कामातून आली. भारतात 1978 च्या विस्तारित लसीकरण कार्यक्रमात त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरची) लस आली, 1985 पासून सार्वत्रिक कार्यक्रम सुरू झाला.

लसीचे संरक्षण साधारण 4 ते 12 वर्षे टिकते, आजार होऊन गेल्याचेही जन्मभर पुरत नाही. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी व गरोदरपणी मिळणाऱ्या टीडी (धनुर्वात-घटसर्प) लसीत डांग्याचा अंशच नसतो. त्यामुळे प्रौढांना तो होतो, पण उबळीनंतर श्वास ओढतानाचा ‘हूप’ आवाज बहुधा येत नाही आणि साधा खोकला समजून तो अंगावर काढला जातो. उबळ आली की श्वास घ्यायलाही उसंत नाही. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी, शेवटी चिकट कफ किंवा उलटी. कधी बरगडीला तडाही जातो. घरातले तान्हे बाळ अशाच मोठ्यांकडून आजारी पडते.

सुरुवातीलाच अ‍ॅझिथ्रोमायसिन दिले तर आजार सौम्य होतो. उबळी सुरू झाल्यावर औषधाने मुख्यतः संसर्ग थांबतो, खोकला नाही, कारण जंतूच्या विषाने श्वासनलिकेचे अस्तर आधीच दुखावलेले असते. ते भरून यायला आठवडे, कधी महिने लागतात. मधेच साधी सर्दी झाली तरी जुनी उबळ काही दिवस परत येते.