कपाटातला हौद

चार फुटी फिशटँक करून घ्यायचा म्हटलं की नांदेड-लातूरचा दुकानदार आता विचारतो, "खाली संप टाकायचा का?" म्हणजे स्टँडच्या कपाटात, सनमायका लावलेल्या दारांमागे, काचेची आणखी एक टाकी. वरच्या टाकीला भोक पाडून पाणी पाइपातून खाली सोडायचं, उभ्या काचांनी पाडलेल्या कप्प्यांतून, स्पंजातून, सिरॅमिकच्या नळ्यांतून फिरवायचं आणि शेवटच्या कप्प्यातल्या मोटरने पुन्हा वर चढवायचं. लातूरकराला हे शिकवावं लागत नाही. नळ रोज येत नाही तिथे घराच्या पायाबरोबरच हौद बांधून घेतात. खाली हौद, गच्चीवर टाकी, मध्ये मोटर. फरक एवढाच, की इथलं पाणी गटारात जात नाही, फिरून त्याच हौदात येतं.

हे अमेरिकेतलं फॅड आहे असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. या हौदाचं मूळ लंडनचं, आणि त्याच्या मुळाशी चैन नसून टंचाई आहे.

1850 मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगाय एकाच भांड्यात ठेवून पाण्याचा समतोल कसा राखला जातो ते मांडलं. 1853 मध्ये रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं आणि इंग्लंडला काचेच्या टाक्यांचं वेड लागलं. वेडाबरोबर तक्रारीही आल्या. टाकी खिडकीत, उन्हात; पाणी हिरवं व्हायचं, तापायचं, मासे मरायचे. गोड्या पाण्याचं निभावून नेता येई; समुद्राचं पाणी लंडनकराने दर आठवड्याला आणायचं कुठून?

विल्यम अल्फर्ड लॉइड हा मूळचा पुस्तकबांधणी करणारा कामगार. या छंदाने इतका झपाटला की धंदा सोडून लंडनमध्ये समुद्रजीव आणि समुद्राचं पाणी विकायचं दुकान थाटून बसला. समुद्रापासून लांब असलेल्या माणसाला पाण्याची किंमत कळते. बिघडलेलं पाणी फेकायचं कारण नाही, हे त्याने ओळखलं. ते अंधारात, गारव्यात ठेवलं आणि हलतं ठेवलं तर पुन्हा निवळतं. मग माशांच्या टाक्या लहान चालतील, पण त्यांच्याखाली अंधारा हौद मोठा हवा. हॅम्बुर्गच्या मत्स्यालयात 1864 मध्ये त्याने हे करून दाखवलं. 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये तर जमिनीखालच्या हौदात काचेच्या टाक्यांच्या निदान चौपट पाणी होतं. वाफेचे पंप ते रात्रंदिवस फिरवत. धातू खाऱ्या पाण्यात विरघळून जीव मारतो, म्हणून पाइप कडक केलेल्या रबराचे. आणि समुद्राचं पाणी आलं होतं ब्रायटनहून, रेल्वेने.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे ज्यांनी लातूर स्टेशनात पाहिली, त्यांना यात नवल वाटू नये. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. रुळावरून आलेलं पाणी कुणी एकदा वापरून ओतून देत नाही.

लॉइडची पद्धत पुढे नेपल्सला गेली. अंतोन डोर्नच्या संशोधन केंद्रातलं मत्स्यालय 1874 मध्ये सुरू झालं. समुद्र अगदी दाराशी, तरी पाणी फिरवायचं ते हौदातूनच. माझ्या मते लॉइडचा खरा विजय हाच.

पाणी का निवळतं, याचं पूर्ण उत्तर मात्र त्याच्याकडे नव्हतं. 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्कीने ते जिवाणू वेगळे काढले, जे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. माशांनी पाण्यात सोडलेला अमोनिया विषारी. नायट्रेट त्या मानाने सौम्य. या जिवाणूंना चिकटायला पृष्ठभाग आणि जगायला प्राणवायू लागतो. संपातल्या नळ्या, स्पंज आणि खळाळत पडणारं पाणी त्यांच्यासाठीच असतं.

मोठ्या मत्स्यालयांनी पाणी फिरवण्याची ही युक्ती उचलली, घरांनी नाही. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झालं, पण त्या काळी आणि पुढे कितीतरी वर्षं घरातली टाकी म्हणजे लोखंडी अँगलचा उघडा स्टँड आणि बुडबुडे सोडणारा एअर पंप. घरच्या टाकीखालचा हौद लोकप्रिय झाला तो जानेवारी 1986 नंतर. जॉर्ज स्मिट यांनी एका अमेरिकी मासिकात डच पद्धतीच्या प्रवाळ-टाकीवर लेख लिहिले. वरून सांडणारं पाणी तंतूंच्या गुंडाळीवर ठिबकायचं आणि खालच्या टाकीत साचायचं. पाणी आपल्या वजनाने उतरायचं तर ही जोडणी टाकीच्या खालीच हवी, आणि दिसायला ती काही देखणी नाही. म्हणून दारं असलेलं कपाट आलं. अमेरिकेचा वाटा इतकाच.

मराठवाड्यात आल्यावर या हौदाची परीक्षा घेतली ती लाइटने. 2005 नंतरची काही वर्षं भारनियमनाची होती. आजही उन्हाळ्यात वादळ आलं की लाइट जाते. मोटर थांबली की वरचं पाणी परतीच्या पाइपातून उलटं ओढलं जातं आणि पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत खाली येत राहतं. चार बाय दीड फुटाच्या टाकीतलं एक इंच पाणी म्हणजे सुमारे 14 लिटर. अडीच फूट लांब, एक फूट रुंद संपात ते जवळजवळ अडीच इंच चढतं. पाइपाचं तोंड चार इंच खोल बुडवलेलं असलं तर हिशेब तुम्हीच करा. सकाळी कपाटातलं प्लायवूड फुगलेलं आणि खोलीभर पाणी. उपाय फुकटचा आहे: परतीचा पाइप पृष्ठभागापासून बोटभर खालीच संपवा, आणि संप काठोकाठ कधीच भरू नका. रिकामी ठेवलेली जागा हाही संपाचाच भाग. बरेच जण तीच वाया गेलेली समजतात.

दुसरी परीक्षा एप्रिल-मेची. पारा चाळिशीपार गेला की कूलरसारखंच टाकीतलंही पाणी उडतं. वरची पातळी हलत नाही. घट दिसते ती फक्त मोटरच्या शेवटच्या कप्प्यात. तो आटला की मोटर कोरडी फिरून जळते. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. बोअरच्या जड पाण्यानेच भर घालत राहिलात तर काचेवर पांढरी रेघ धरते. (आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड मासे मात्र जड पाण्यावर खूश असतात. बोअरवाल्यांनी तेच पाळावेत.)

सुताराला आधीच सांगा, की कपाटाची पाठ उघडी ठेव. बंद कपाटात दमट हवा कोंडते. आणि संपाची लांबी दारातून जाईल अशी ठेवा, नाहीतर वरची टाकी भरल्यावर तो बाहेर काढायचा मार्ग उरत नाही.

मासे सोडण्याआधी एकदा चालू मोटरचा प्लग काढा. पाणी खाली यायचं पूर्ण थांबेपर्यंत बघत बसा. काठाला दोन इंच तरी राखून थांबलं, तर मोटर पुन्हा सुरू करा आणि चालत्या मोटरवर शेवटच्या कप्प्यातली पातळी असेल तिथे मार्करने काचेवर रेघ ओढा. थांबलं नाही, तर पाणी कमी करून पुन्हा बघा. त्या रेघेच्या वर एक तांब्याही पाणी घालू नका.