महाबीजच्या पिशवीची कुळकथा

मृगाच्या तोंडावर वऱ्हाडातल्या कृषी सेवा केंद्रांत महाबीजच्या बियाण्याची पिशवी मागितली जाते. तिचे मूळ १९६० च्या दशकातल्या अन्नटंचाईत आणि संकरित ज्वारीत आहे. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. १९६६ मध्ये देशाला सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. त्यातले बरेचसे अमेरिकेच्या पीएल-४८० कराराखालचे होते. मुख्यमंत्री वसंतराव नाईक पुसदकडचे, कोरडवाहू शेती जवळून पाहिलेले. दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर शनिवारवाड्यापुढे फाशी द्या, असे त्यांनी १९६५ मध्ये जाहीर केले होते. या शब्दाची मोठी भिस्त ज्वारीवर होती.

सरकारी शेतीचा एक भव्य नमुना देशात आधीच होता. १९५६ मध्ये राजस्थानात सुरतगडला सोव्हिएत यंत्रांवर चालणारे प्रचंड शेत सुरू झाले. तेव्हा केंद्रात कृषिमंत्री होते अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख. वऱ्हाडात मात्र तसे शेत उभे राहिले नाही. इथे सरकारने शेतकऱ्यांच्याच वावरात बियाणे तयार करून घेतले, आणि कोरडवाहू मुलखात तेच शहाणपणाचे ठरले.

सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण १९६४ मध्ये प्रसारित झाला. गावरान ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाई आणि निघायला चार-पाच महिने घेई. हे ‘हायब्रीड’ बुटके, शंभरेक दिवसांत हाती येणारे आणि खत दिले तर भरघोस पिकणारे होते. पण त्याचे दाणे पुढच्या हंगामाला राखून पेरले तर उंची, कालावधी आणि उत्पन्न काहीच एकसारखे राहत नाही. कणगीतल्या बियाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या शेतकऱ्याला दरवर्षी नवे बियाणे घ्यावे लागले, आणि ते वेळेवर पुरवण्याची जबाबदारी सरकारवर आली.

हे बियाणे तयार करणे नाजूक काम आहे. बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये साधारण चार ओळी मादी वाणाच्या आणि दोन नर वाणाच्या पेरतात. कडेनेही नराच्याच ओळी. मादी वाणाचा स्वतःचा पराग वांझ असतो, त्यामुळे वाऱ्याने आलेल्या नराच्या परागावरच दाणा धरतो. दोघांचा फुलोरा जुळला नाही तर कणसे पोचट राहतात, म्हणून कधी एक वाण काही दिवस मागाहून पेरतात. भोवती किमान २०० मीटरपर्यंत दुसरी ज्वारी चालत नाही. वेगळे दिसणारे प्रत्येक ताट फुलोऱ्याआधी उपटतात. काढणीत नर ओळी आधी कापून शेताबाहेर नेतात. मादीच्या कणसांवरचेच दाणे बियाणे म्हणून जातात. तपासणीत किमान ७५ टक्के उगवण दिसली, तरच पिशवीला प्रमाणित बियाण्याची निळी खूणचिठ्ठी लागते.

१९६६ मध्ये बियाणे कायदा झाला. १९६९ मध्ये अकोल्यात कृषी विद्यापीठ निघाले. त्याला पंजाबरावांचे नाव आहे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल ‘मिलो’ ज्वारी खावी लागली, तेव्हा संकरित बियाणे पुरवण्याचे काम अपुरे असल्याचे दिसले. २८ एप्रिल १९७६ रोजी महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, म्हणजे महाबीज, अकोल्यात स्थापन झाले. राज्य सरकार, राष्ट्रीय बीज निगम आणि कृषी विद्यापीठे यांच्याबरोबर बीजोत्पादक शेतकरीही त्याचे भागधारक आहेत. शेतकऱ्यांची ही भागीदारी महामंडळाच्या रचनेतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणावी लागेल.

पहिल्या हायब्रीडच्या तक्रारी खऱ्या होत्या. लवकर पक्व होणारी कणसे परतीच्या पावसात सापडून काळी पडत. भाकरीला गावरान चव नसे, कडबा थोडा निघे आणि खोडमाशी लागे. पुढचे वाण या उणिवा भरून काढण्यासाठी आले. १९९२ चा सीएसएच-१४ तर अकोल्याच्या विद्यापीठातच तयार झाला.

त्यानंतर सोयाबीन पसरले आणि अकोला-अमरावतीत खरिपाची ज्वारी झपाट्याने घटली. आता महाबीजच्या पिशवीत प्रामुख्याने सोयाबीन आणि हरभरा असतो. ही संकरित नव्हे, सरळ वाणांची पिके आहेत. त्यांचे बियाणे उगवण तपासून दोन-तीन हंगाम घरचेच वापरता येते.