माले सांग, मनासंगे बोल

‘ही टोल्ड टू मी’ आणि ‘ही सेड मी’. अमळनेर तालुक्यात मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवते आहे आणि एकाच घरातल्या बापाच्या नि लेकीच्या वहीत या दोन चुका मी पाहिल्या आहेत. दोष त्यांच्या बुद्धीचा नव्हे. तो विभक्तींच्या तक्त्याचा आहे.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं. विभक्त्यांची संस्कृत चौकट मराठी शाळेत रुजली आणि पुढे इंग्रजीही तिच्यातूनच शिकवली गेली. चतुर्थी म्हणजे ‘टू’, तृतीया म्हणजे ‘बाय’ नाहीतर ‘विथ’. भाषांतर करत इंग्रजी शिकायची ही रीत अर्ज लिहायला, पुस्तक वाचायला पुरली. बोलण्याच्या क्रियापदांपाशी मात्र तिचा पाय अडतो. ‘टेल’ला माणूस थेट लागतो, ‘से’ला मध्ये ‘टू’ लागतो, ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ खपत नाही. ‘स्पीक अप’ म्हणजे मोठ्याने बोल, ‘स्पीक आउट’ म्हणजे न भिता बोल, ‘टॉक बॅक’ म्हणजे उलटून बोलणं. या ‘अप’, ‘आउट’, ‘बॅक’ना तक्त्यात रकानाच नाही.

आणि हेच बारकावे आमच्या मुलांना घरी आयते मिळतात! आमच्या अहिराणीत, म्हणजे खानदेशीत, ‘माले सांग’, पण ‘मनासंगे बोल’. मराठीत ‘त्याच्याशी बोलले’ म्हणजे गप्पा झाल्या, ‘त्याला बोलले’ म्हणजे रागावले. पाच वर्षांचं पोरही यात चुकत नाही. भाषाभ्यासक ग्रिअर्सनने १९०७ साली आपल्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशीची नोंद मराठीच्या खंडात न करता भिल्ली भाषांच्या खंडात केली, म्हणजे तिला मराठीची बोली न मानता वेगळं स्थान दिलं. वर्गात मात्र तिला गावंढळ ठरवून दाराबाहेर ठेवलं गेलं. याचं मला फार वाईट वाटतं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने इंग्रजी आठवीवर नेली, २००० साली महाराष्ट्राने ती पहिलीपासून आणली. इयत्ता बदलली, पण तक्ता अनेक वर्गांत तसाच राहिला.

जळगाव-धुळ्याच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. ‘टेल’ आणि ‘टॉक’ शिकवायच्या आधी फळ्यावर ‘माले सांग’ आणि ‘मनासंगे बोल’ लिहा, फरक मुलांनाच सांगू द्या, आणि प्रत्येक इंग्रजी क्रियापद त्याच्या जोडीदार शब्दासकट, अख्ख्या वाक्यात म्हणून घ्या.