गाळलेलं पाणी, मोजलेलं पाणी

हैदराबादच्या नळाचा इतिहास पुरापासून सुरू होतो. १९०८च्या सप्टेंबरात मुसी शहरात शिरली, हजारो माणसं गेली. निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यातून १९२०ला उस्मानसागर, १९२७ला हिमायतसागर पुरे झाले. पूर अडवायला बांधलेल्या तळ्यांचंच पाणी शहर प्यायलं. ते पुरेना, तेव्हा आपल्या बीडकडून येणारी मांजरा आणली.

खर्च कोण भरणार? १९८९च्या कायद्याने पाणी आणि सांडपाणी एका जलमंडळाकडे आलं. त्याने दर लावून आपला खर्च भागवावा, अशी अपेक्षा. लोक कुरकुरले. पण पैसे घेणाऱ्याला जाब विचारता येतो. २००० साली मंडळाने नागरिकांची सनद काढली, कोणतं काम किती दिवसांत करू हे लिहून दिलं. पुढे २००४ला कृष्णा आली, शंभरावर किलोमीटरवरून, पंपांनी चढवून. त्या विजेचं मोल आलंच की!

डिसेंबर २०२०पासून मात्र घरामागे महिना २०,००० लिटर मोफत. वस्त्यांना द्यावंच. पण आम्हा फ्लॅटवाल्यांना कशाला?

आम्हा जैनांत पाणी तुपासारखं वापरायचं. गाळून प्यायचं, गाळण्यातली जिवाणी त्याच विहिरीत परत सोडायची. बिल नसतानाही जुन्या बायका तांब्या मोजून घेत. दर हेच काम करतो, व्रत न पाळणाऱ्यांकडूनही.

आमच्या इमारतीला एकच मीटर आहे. कुठल्या घरात किती गेलं, ते कुणालाच कळत नाही.