खालून फेकलेला चेंडू

बास्केटबॉलमध्ये फ्री थ्रोला आडवं यायला कुणी नसतं. रेषा बोर्डापासून १५ फुटांवर, रिंग १० फूट उंच. दरवेळी सगळं तेच. त्यामुळे चेंडू डोक्यावरून फेकावा की दोन्ही हातांनी गुडघ्यांमधून वर उचलावा, हा वाद निदान आकड्यांनी तपासता येतो.

लिहिणारे बहुतेक जण २ मार्च १९६२ च्या रात्रीवर थांबतात. हर्शी गावात विल्ट चेंबरलेनने निक्स संघाविरुद्ध एकट्याने १०० गुण केले. त्यात ३२ पैकी २८ फ्री थ्रो, तेही खालून फेकलेले. एका रात्रीला मी पुरावा मानत नाही. मोसमांचे आकडे जास्त बोलके आहेत. १९६०-६१ मध्ये त्याचे शंभरातले ५० फ्री थ्रो पडत. १९६१-६२ मध्ये ६१. पुढे ही पद्धत सोडून त्याने नाना प्रकार करून पाहिले आणि १९६७-६८ मध्ये तो ३८ वर आला.

रिक बॅरीचा दाखला मात्र जपून द्यावा. वडिलांच्या आग्रहाने तो खालून फेकायला शिकला. १९७८-७९ मध्ये त्याने १६९ पैकी १६० टाकले, कारकिर्दीची सरासरी नव्वदीच्या आसपास. पण वरून फेकणारा स्टीव्ह नॅशही नव्वदीतच आहे. म्हणजे बॅरीवरून एवढंच ठरतं, की खालून फेकल्याने नुकसान होत नाही.

फायदा दिसतो तो कच्च्या नेमबाजांना. दोन्ही हात सारखेच हलतात, त्यामुळे चेंडू डावी-उजवीकडे कमी भरकटतो. उलट्या फिरकीमुळे रिंगवर आदळला तरी त्याचा जोर मरतो. लुईव्हिल विद्यापीठाचा चिनानू ओनुआकू ४७ टक्क्यांवर होता. खालून फेकू लागल्यावर पुढच्याच मोसमात ५९. चेंबरलेनइतकीच ही सुधारणा. दोनच माणसं आहेत, हे खरं. पण ज्यांना गरज होती त्यांतले बाकीचे प्रयोगालाच तयार झाले नाहीत, तर दाखले वाढणार कुठून? शकील ओनील जन्मभर ५३ टक्क्यांवर राहिला; बॅरीने सुचवूनही त्याने ऐकलं नाही. मुली असं फेकतात म्हणे!

चेंबरलेनचं आत्मचरित्र १९७३ चं. पद्धत सोडली ही आपली चूक होती, हे त्यात त्याने मान्य केलं आहे. तशी फेक करताना बायकी वाटायचं, आणि तेवढं त्याला सोसवलं नाही.