हवेची सांगड

माझे आजोबा कृष्णाकाठचे. सुकवलेले भोपळे दोरीने एकत्र आवळून त्यांची सांगड करायची आणि तिच्यावर पोट टेकून पैलतीर गाठायचा, हे त्यांनी लहानपणी केलेलं. गोष्टींची सांगड घालणारे आपण सगळेच. खरी सांगड मात्र मी पाहिलेली नव्हती. पाहिली ती वायोमिंगमधल्या कॅस्परला, तीही रबरी, आणि नवऱ्याच्या ट्राउटच्या नादापायी विकत घेऊन.

आमच्या नॉर्थ प्लॅट नदीशी अशा होडीचं नातं जुनं आहे. ऑगस्ट १८४२ मध्ये लेफ्टनंट जॉन फ्रेमाँट हॉरेस डे या कारखानदाराने बनवलेली रबरी होडी घेऊन इथल्या घळीत शिरला. दोन-तीन धबधबे निभावले तशी मंडळींना चेव चढला आणि नावाड्यांचं गाणं सुरू झालं. धृपदावर असतानाच होडी पाण्याखालच्या खडकावर आपटून उलटली. माणसं वाचली, वह्या, उपकरणं, शिधा बरंच काही गेलं. गुडइयर या संशोधकाला रबर पक्कं करण्याच्या कृतीचं पेटंट मिळालं १८४४ मध्ये. त्याआधीचं रबर उन्हात चिकट आणि थंडीत ताठ. तरीही मला वाटतं, दोष रबराचा कमी आणि गाण्याचा जास्त.

पुढची शंभर वर्षं मी गाळते. दुसरं महायुद्ध संपलं आणि सैन्याचे रबरी तराफे भंगाराच्या भावात बाजारात आले. जॉर्जी व्हाइट ही बाई १९४५ मध्ये लाइफ जॅकेट घालून कोलोरॅडो नदीत चक्क पोहत उतरली होती. १९५० च्या दशकात तिने असे तीन तराफे एकमेकांना बांधले आणि ग्रँड कॅन्यनच्या खळाळांतून लोकांना नेऊ लागली. एक उलटायला लागला तर दोघे धरून ठेवतात. ही सांगड आजोबांनी लगेच ओळखली असती.

त्या तराफ्यांचा तळ म्हणजे एकेरी कापड. आत आलेलं पाणी आतच, म्हणून बादलीने उपसणारा गडी हवाच. १९८० च्या दशकात तळातही हवा भरून तो नदीच्या पातळीच्या वर उचलला आणि कडेने भोकं ठेवली. लाट आत आली की आपसूक बाहेर. होडीला मुद्दाम भोकं पाडायची अक्कल यायला फ्रेमाँटनंतर सुमारे १४० वर्षं लागली!

कोळ्याची सोय वेगळ्या घराण्यातून आली. ऑरेगनच्या मॅकेंझी नदीवर उंच टोकांची लाकडी होडी चाले: वल्हवणारा मध्ये, तोंड प्रवाहाच्या दिशेने, गळ टाकणारा पुढे उभा. तीच बैठक धातूच्या सांगाड्यावर रचली आणि सांगाडा पट्ट्यांनी तराफ्यावर आवळला. सांगाडा नसेल तर वल्ह्याचा जोर नुसता हवेत जातो.

आमच्यात वल्ही माझ्याकडे. मासे नवरा धरतो आणि सोडून देतो. माझ्या आईला हा प्रकार अजून पटलेला नाही. निवड मात्र मी केली. तेरा फुटी तराफा, जुना, हायपलॉनचा. हे कापड थंडीत मऊ राहतं आणि फाटलं तर काठावर बसून ठिगळ चिकटवता येतं. वल्ही नऊ फुटांची. नांगराची दोरी कप्पीवरून मागच्या टोकाला. पुढे नांगर टाकला तर प्रवाह तोंड खाली दाबतो. तळ ताठ हवा, नाहीतर उभा माणूस गादीवर नाचल्यासारखा डुलतो. हवा अडीच पौंड दाबाची. एकदा सकाळच्या गारव्यात टम्म भरून तराफा उन्हात ठेवला आणि आम्ही डबा खात बसलो. परत येऊन पाहते तर नगाऱ्यासारखा वाजत होता. घाईघाईने झडपा उघडल्या.

विकणाऱ्याने भांड्यांच्या जाळ्या, बाटल्यांचे खण, दिव्याचे हूक असं पुष्कळ लटकवून दिलं होतं. मी सगळं उतरवलं. नवऱ्याच्या नकली माशीच्या गळाला वजन नसतं, वजन दोरीत असतं. ती जाड दोरी ओढून पायाशी वेटोळ्यांत पडते, आणि बाहेर आलेली प्रत्येक बकल, प्रत्येक मोकळं टोक तिला पकडतं. म्हणून पट्ट्यांची टोकं आत खोचली, खिळ्यांवर चिकटपट्टी लावली, तळ हात फिरवून तपासला.

पहिल्याच दिवशी मोठा ट्राउट लागला आणि दोरी अडकली. माझ्या बुटाच्या नाडीत.